एकदाच विचारणारं यंत्र

कोता भारू, ३ नोव्हेंबर २००६

आदिक,

पाकीट बघून तू म्हणाली असशील, ईमेल असताना कालोंगला, थोरल्या बहिणीला, ही टपालाची हौस कुठून आली. ईमेल तू उघडत नाहीस, वरची ओळ वाचून बाजूला सारतेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पाकीट निदान फाडावं तरी लागतं. फाडता फाडता चार ओळी नजरेखालून जातातच.

तुझं फर्मान पोचलं. भाषांतराच्या साऱ्या गटाला धाडलंस, म्हणजे त्यात मीही आले. आपल्या सॉफ्टवेअरच्या मलय भाषेतल्या सगळ्या सूचना मार्चच्या आत 'सुटसुटीत' करायच्या, लाडीगोडी काढून टाकायची, नाही जमलं तर मार्चच्या आवृत्तीतून मलय भाषाच वगळली जाईल. खाली सही: मलय भाषेची समन्वयक, डब्लिन. शेवटचं मलय बोलणं तू तोंडाने कुणाशी आणि कधी बोललीस, तेवढं सहीखाली लिहायचं राहिलं.

माझं उत्तर इथेच देऊन टाकते. नाही. एक शब्द बदलणार नाही.

आता कारण. तुला ते माहीत आहे, पण डब्लिनच्या गारठ्यात विसर पडत असावा म्हणून पुन्हा सांगते. अबाहांनी पहिल्यांदा संगणकाला हात लावला तेव्हा काय झालं होतं आठवतं? चुआच्या दुकानातून आणलेलं ते जुनं धूड. अबाह दोन बोटांनी आपलं नाव टाईप करत होते आणि पडद्यावर इंग्रजीत आलं, तुमच्याकडून बेकायदा कृत्य घडले आहे, आता हे बंद करण्यात येईल. अबाहांना तेवढं इंग्रजी येत होतं, हाच घोटाळा. त्यांनी संगणकावर चादर टाकली आणि दोन दिवस फाटक वाजलं की पोलीस आले का बघत राहिले. आपला बाप, आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, ज्याने कुणाचा आंबासुद्धा न विचारता तोडला नाही. तू तेव्हा हसून हसून लोळत होतीस. मग तूच म्हणालीस, "कालोंग, हे आपण आपल्या भाषेत करू या. आणि असं करू या की ते माणसासारखं बोलेल."

तूच म्हणालीस. मी नाही.

म्हणून तू, मी आणि चुआ, ओट्यावर बसून, फुकट मिळणारं ते ऑफिसचं सॉफ्टवेअर शब्द शब्द करून मलयमध्ये आणायला लागलो. माऊसला नुसता उंदीर म्हणायचं नाही, तेतिकुस म्हणायचं, म्हणजे उंदरासारखा पण उंदीर नव्हे, हे चुआला पटवायला आपल्याला एक आख्खा शुक्रवार आणि तीन किटल्या चहा लागला. इंग्रजीत जिथे 'ठार करा' होतं तिथे आपण 'थांबवावं का' लिहिलं. 'घातक चूक' होती तिथे 'क्षमा असावी, काम अडलं आहे' लिहिलं. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी दरडावत नव्हतं. आणि मग एके दिवशी तूच सगळ्यांसमोर म्हणालीस की आपण यंत्राची पार म्हातारी करून ठेवलीय, जगात असं कुणी करत नाही. मी म्हणाले, मग जा त्या जगात. मी बोलले ते बोलले, परत घेत नाही. तू गेलीस. चार ईद झाल्या.

आता अबाहांचं. चुआने तुमच्या गटाला कळवलं तेवढंच तू वाचलंस. दोन ओळींत त्याने काय मावलं असेल?

अबाहांना ऐकू कमी येतंय. मेर्बोक होल्यांच्या हाकेच्या स्पर्धांना ते अजून पंच म्हणून जातात, उंच काठ्यांवर पिंजरे चढले की खाली खुर्ची टाकून डोळे मिटून बसतात. पण होल्याच्या हाकेतला शेवटचा सूर, ज्यावर सगळे गुण ठरतात, तो त्यांच्या कानापर्यंत येत नाही. त्यांचा जुना दोस्त पोक सेमान त्यांच्या गुडघ्याला हळूच बोट लावतो, तेव्हा त्यांना कळतं की हाक संपली. हे फक्त पोक सेमानला आणि मला माहीत आहे. म्हणून त्यांनी ठरवलं, कोणत्या होल्याची हाक कशी, कुणाच्या पिंजऱ्यातला कोणता पक्षी कसा बोलायचा, चांगला सूर ओळखायचा कसा, हे सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवायचं. रमझानभर रोज दुपारी ते टाईप करत बसायचे. उठताना संगणक बंद करायचे नाहीत. पिंजऱ्यावर संध्याकाळी कापड घालतात ना, तसं आईचं बाटिक पडद्यावर टाकायचे आणि नमाजाला जायचे. मला वाटायचं ते रोजच्या रोज सेव्ह करतात. त्यांना वाटायचं यंत्राच्या पोटात आहे म्हणजे आहे.

ईदच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी ते टेबल हलवायचं होतं. अबाहांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने सगळं बंद केलं. यंत्राने विचारलं, "आपलं लिखाण जपून ठेवू का?" खाली दोन उत्तरं. "ठेवा." आणि "राहू द्या, तसदी नको."

अबाहांनी काय दाबलं असेल ते तुला माहीत आहे. तू त्यांची मुलगी आहेस.

मी ईदच्या भातासाठी केतुपातची पानं विणत होते. बऱ्याच वेळाने पाहिलं तर ते काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "त्याने विचारलं, मी नको म्हटलं. पुन्हा विचारेल म्हणून बसलोय."

चुआ ईदच्या दिवशी सकाळी स्वतःचं दुकान सोडून आला. काही उरलं नव्हतं. लिखाण आपोआप जपण्याची सोय त्या जुन्या धुडाला झेपत नाही म्हणून त्यानेच पूर्वी बंद करून ठेवली होती. तो एवढा मोठा गडी, दारात उभा राहून रडला.

आणि तू यावरून निष्कर्ष काढलास की आमची भाषा गोड म्हणून घात झाला.

फेब्रुवारीत अबाहांसाठी दुवा मागायला छोटं जेवण घालणार आहे. तू येशील का? तुझी खोली तशीच आहे, फक्त अबाहांनी तिथे दोन पिंजरे टांगलेत.

कालोंग

⁂

कोता भारू, १५ डिसेंबर २००६

आदिक,

तुझी तीन ओळींची ईमेल मिळाली. पहिली: 'राहू द्या'च्या जागी 'टाकून द्या' असतं तर अबाहांनी ते दाबलंच नसतं. दुसरी: तुम्ही बदलणार नसाल तर मी बदलते. तिसरी: येण्याचं राहू दे, उगाच तसदी.

पहिल्या ओळीचं उत्तर आधी. खरं आहे. 'टाकून द्या' असतं तर अबाहांनी दाबलं नसतं. घरात वाघ बसवला तर चोरही येत नाहीत, पण मग घरात राहायचं कसं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी आणि चुआने खाली उतरून बघायचं ठरवलं.

चुआने दुकानात पुढच्या बाजूला एक संगणक मांडला. येणाऱ्या जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवायचं, चार ओळी लिहायला लावायच्या आणि मग म्हणायचं, आता बंद करा. बाकी काही सांगायचं नाही. मी मागे अकोकच्या मिठाईचा डबा घेऊन बसले होते, निमित्त म्हणून.

पहिला पोक सेमान. त्याने लिहिलं, माझ्या मेर्बोकला सर्दी झाली आहे. मग बंद केलं. यंत्राने विचारलं, ठेवू का. त्याने पापणीही न लवता दाबलं, राहू द्या. मी म्हणाले, "का हो पोक? लिहिलेलं नको होतं?"

"हवं होतं की."

"मग?"

"पहिल्याच आग्रहाला हो म्हणायला मी काय उपाशी आलोय?"

मग मेक याह, आपल्या दोघींच्या वेळी आईचं बाळंतपण करणारी सुईण. तिने तुझ्या माझ्या जन्माच्या वेळचं काहीतरी लिहिलं, ते मी वाचू नये म्हणून पडद्यावर हात धरला. तिनेही दाबलं, राहू द्या. "ते बिचारं किती कामात असतं," म्हणाली, "माझ्या चार ओळी कुठे ठेवत बसेल?" मग हात मांडीवर घेऊन बसली. चुआने विचारलं, "मेक, कशाची वाट बघताय?" ती म्हणाली, "आता परत विचारेल ना."

जो तो तेच. शाळेतली पोरं सोडली तर जो बसला त्याने आधी नको म्हटलं आणि मग अदबीने थांबला. एक गृहस्थ तर हात पुसून उभेच राहिले, निघतो म्हणाले, म्हणजे यंत्राला वाईट वाटावं आणि त्याने थांबवावं. यंत्र मख्ख.

चुआ माझ्याकडे बघत होता आणि मी चुआकडे. आपण सगळे वेड्यासारखे शब्द तासत बसलो, आणि शब्दांत काही खोट नव्हतीच. आदिक, घरी पाहुणा आला की आई काय करायची? जेवता का, विचारायची. पाहुणा म्हणायचा, नको नको, तसदी नको. आई तेवढ्यावर आत निघून जायची? तिचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं. ते इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. त्यावर पाहुणा अजून एकदा नको म्हणायचा. आणि तिसऱ्यांदा ताट समोर यायचं. आपल्या भाषेत 'नको' हे उत्तर असतं, पण ते पहिलं उत्तर असतं. आपण यंत्राला आपल्यासारखं बोलायला शिकवलं आणि वागायला इंग्रजांसारखं ठेवलं. अदबीने विचारायचं आणि पहिल्याच नकाराला दार लावून घ्यायचं, ह्याला आपल्याकडे अपमान म्हणतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यंत्राने पुन्हा विचारावं. मलय भाषेत असेल तेव्हा निदान दोनदा. बाकी जगाचं जग बघून घेईल. शब्द लावायचं काम माझं, यंत्राच्या आतलं काम तुझं. चुआने हा ढेकूण तुमच्या यादीत नोंदवला आहे. प्रोग्राममधल्या दोषाला आपण ढेकूण म्हणायचं ठरवलं तेव्हा तू किती खूश झाली होतीस! हा ढेकूण आमच्या गादीतला नाही, तुमच्या पलंगातला आहे.

आणि फेब्रुवारीचं विचारते पुन्हा. येतेस का? पोक सेमानचा मुलगा विमानतळावर घ्यायला येईल. अबाह काही म्हणत नाहीत, पण पिंजरे खोलीतून बाहेर काढलेत.

कालोंग

⁂

कोता भारू, २ फेब्रुवारी २००७

आदिक,

"यंत्र पाहुणचार करत नाही. दोनदा विचारणारं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र. इथले लोक हसले. रजा नाही, राहू दे."

एवढं लिहायला तुला दीड महिना लागला?

इथले लोक म्हणजे कोण? ज्यांच्या घरी पाहुणा फोन करून, वेळ ठरवून येतो आणि स्वतःची बाटली स्वतः घेऊन येतो, ते? हसू देत. आम्हीही त्यांच्यावर हसतो, त्यांना ऐकू जात नाही इतकंच. तू त्यांच्यात बसून हसलीस का, तेवढं मला सांग. हसली असशील तर कुठल्या भाषेत हसलीस?

ईमेलबरोबर तू चुआला तुझी सुटसुटीत आवृत्ती धाडलीस, 'बघा आणि पटवून घ्या' म्हणून. बघितली. चुआने घरी आणून अबाहांच्या धुडावर घातली. मी अबाहांना काही सांगितलं नाही. वाटलं, पोरीने एवढं केलंय, एक संधी देऊ.

अबाह बसले. दोन ओळी लिहिल्या, कंपोंग लाऊतच्या एका जुन्या होल्याबद्दल. मग बंद करायला गेले. पडद्यावर आलं, "जतन कर / टाकून दे." एवढंच. ना विचारणं, ना काही. अबाहांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग उठले आणि मला म्हणाले, "आपण कुणाच्या घरात आलो आहोत?"

त्यानंतर ते त्या टेबलाजवळ गेलेले नाहीत. मी म्हटलं, मी टाईप करते, तुम्ही सांगा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कागद पेन दिलं तर म्हणाले, माझं अक्षर आता मलाच लागत नाही. गेल्या शुक्रवारी स्पर्धेला गेलो होतो. पोक सेमानने गुडघ्याला बोट लावलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, म्हणून त्याने पुन्हा लावलं. मग म्हणाले, "ह्या वेळी मधलाही सूर आला नाही." मोठ्याने म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरच्या पंचाने ऐकलं. आता सगळ्यांना माहीत झालं असेल.

तेव्हा नीट ऐक. कानातून पक्षी एकेक करून उडून जाताहेत आणि डोक्यात अजून आहेत. किती दिवस राहतील, कुणाला ठाऊक? तू म्हणतेस मार्चमध्ये आवृत्ती निघते. माझ्या लेखी मार्च म्हणजे अबाहांचं पुस्तक लिहून होईल की नाही, एवढंच आहे.

तू मला समन्वयक म्हणून पत्र लिहितेस, मग समन्वयकाला माझं उत्तर असं. तुमचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा एक गुण मला फार आवडतो. ज्याला पटत नाही त्याने सगळं उचलून न्यावं आणि वेगळी चूल मांडावी, कुणी अडवत नाही. तू मार्चमध्ये मलय भाषा वगळ किंवा तुझी 'टाकून दे' लाव, तुझी मर्जी. आम्ही इथे आमची आवृत्ती काढू. चुआच्या दुकानातून, सीडीवर, पाच रिंगिटला, आणि ज्याच्याकडे नसतील त्याला फुकट. वर माझं नाव, चुआचं नाव, पोक सेमानचं आणि मेक याहचंही नाव, कारण चूक त्यांनी शोधली. तुझं नावही राहील. पहिले शंभर शब्द तुझे आहेत, ते मी पुसत नाही.

दुसऱ्यांदा विचारायला यंत्राला चुआ शिकवेल. त्याने एक जाड पुस्तक मागवलंय.

ह्या वेळी तुला बोलावत नाही.

कालोंग

⁂

कोता भारू, १६ फेब्रुवारी २००७

चुआने केलं. यंत्र आता दुसऱ्यांदा विचारतं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पंधराव्यांदा. "ठेवा" म्हटलं तरी विचारतं. काल मेक याहने त्याला हात जोडले. म्हणाली, "बाबा, जेवले, पोट भरलं, जाऊ दे आता." चुआने शेवटी वायर उपटली.

हसू नकोस. तो पुस्तक घेऊन पुन्हा बसला आहे. आम्ही सोडत नाही.

कालोंग

⁂

कोता भारू, २३ मार्च २००७

आदिक,

काल दुपारी चुआ सायकलवरून धापा टाकत आला. गाडी काढायलाही थांबला नाही. फाटकातूनच ओरडला, "चिक्गु बाई, आलंय!"

मी म्हटलं, काय आलंय?

"डब्लिनहून. पत्र नाही, नुसतं काम आहे. तिने आतलं काम करून पाठवलंय. आणि चिक्गु, हे आपल्यापुरतं नाही. मार्चच्या मुख्य आवृत्तीत घातलंय. मलय आहे तिच्यात. सगळे आपले शब्द आहेत, एकही बदललेला नाही."

तुझं पत्र शोधायला मी त्याची सगळी फाईल वरखाली केली. कुठेच काही नाही. कुणाची किती बोलणी खाल्लीस, किती जण हसले, पटवायला किती रात्री घातल्यास, एक अक्षर नाही. मग चुआ म्हणाला, "थांबा, एक गोष्ट विचित्र आहे. दुसऱ्यांदा विचारायचं वाक्य तुम्ही पाठवलं होतं का?"

नव्हतं पाठवलं. तुझ्यावर रागावले होते ना, शब्द कशाला पाठवेन?

"मग तिनेच लिहिलंय. आणि बघा, ह्याच्या समोर इंग्रजीचा रकाना रिकामा आहे. सगळ्या वाक्यांना डाव्या बाजूला इंग्रजी असतं, ह्याला नाहीच. हे कशाचं भाषांतर नाही, चिक्गु."

मी वाक्य वाचलं नाही. मी म्हटलं, आधी अबाह वाचतील.

त्यांना टेबलापर्यंत आणणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, आदिकने पाठवलंय. त्यावर ते उठले. पोक सेमान आलेला होता, तोही मागे उभा राहिला. अबाह बसले आणि लिहायला लागले. आम्हाला वाटलं, चाचणी म्हणून दोन ओळी लिहितील. ते थांबेचनात. कंपोंग लाऊतचा तो होला, मग त्याचा बाप, मग तुंपातच्या एका कोळ्याकडचा, ज्याची हाक ऐकायला लोक होडीतून यायचे. दोन बोटांनी, मान खाली घालून. चहा गार झाला. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा हात थांबले. त्यांनी पडद्यावर टाकायला बाटिक उचललं, मग खाली ठेवलं आणि बंद करायला गेले.

"आपलं लिखाण जपून ठेवू का?"

अबाहांनी दाबलं, राहू द्या, तसदी नको.

पोक सेमान कुजबुजला, "अरे देवा, पुन्हा?" चुआने त्याचा हात धरला.

पडद्यावर क्षणभर काही नव्हतं. मग आलं.

"तसदी कसली? हात रिकामेच आहेत माझे. ठेवू ना?"

मी अबाहांच्या मागे उभी होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मला फक्त आई दिसली, एका हातात डाव, दुसऱ्या हातातल्या ओढणीने घाम पुसत, काखेत तू, आणि दारातल्या पाहुण्याला म्हणतेय, हात रिकामेच आहेत माझे. तेरा वर्षांत हे वाक्य ह्या घरात कुणी बोललं नव्हतं. मी पुष्कळदा बोलायला गेले आणि दुसरंच काहीतरी म्हटलं. तुला ते लागलंच नाही असं मी समजत होते. आई गेली तेव्हा तू दहावीत होतीस, सगळ्यांच्या आधी रडणं थांबवलंस.

अबाह बराच वेळ वाचत होते. तीनच वाक्यं आहेत, इतका वेळ लागायचं कारण नाही. मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "हात कधी रिकामे होते हिचे?"

आणि त्यांनी दाबलं, ठेवा.

ठेवलं गेलं. चुआने तीन वेळा उघडून पाहिलं. तुंपातचा कोळी, होड्या, सगळं जागच्या जागी. पोक सेमान म्हणाला, "मी असतो तर अजून एकदा नको म्हटलं असतं." अबाह त्याला म्हणाले, "तिच्यापुढे तू पाहुणा, मी घरचा." आज सकाळी न्याहारीच्या आधीच ते टेबलाजवळ जाऊन बसलेत. मी हे लिहितेय आणि पलीकडून दोन बोटांचा आवाज येतोय.

मी बदलणार नाही म्हटलं होतं आणि एक शब्दही बदलला नाही, हे लक्षात असू दे. तूही बदलली नाहीस, तू भर घातलीस. ह्यात हरलं कोण, ते बघायला मला वेळ नाही. चुआ सीड्या करतोय. वरच्या कागदावर तुझं नाव पहिलं आहे. खोडायला सांगशील तर ऐकणार नाही.

आता शेवटचं. नोव्हेंबरमध्ये तुला विचारलं, तू म्हणालीस राहू दे, उगाच तसदी. डिसेंबरमध्ये विचारलं, तू म्हणालीस रजा नाही, राहू दे. मी तुला इंग्रज समजून चालले असते तर इथे थांबले असते. पण ते वाक्य लिहिणारी पोरगी कोणत्या घरातली आहे, हे मला काल दुपारी कळलं. दोनदा नको म्हणून झालं आहे तुझं, रीत पाळून झाली. जेवण मी फेब्रुवारीत घातलं नाही, पुढे ढकललंय. तांदूळ भरून ठेवलाय, तुझ्या खोलीत चादर घातली आहे.

तसदी कसली? हात रिकामेच आहेत माझे. येतेस ना?

कालोंग